वाचणाऱ्याचा वाटा

कण्णूरच्या विडीच्या शेडमध्ये आम्ही चौतीस जण.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कापलेली तेंदूची पानं,
आणि मधोमध, उलट्या खोक्यावर, अंबू.
अंबू विड्या वळायचा नाही. अंबू वाचायचा.
सकाळी वर्तमानपत्र, पहिल्या ओळीपासून
तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत.
दुपारी कादंबरी.

त्याच्या वाट्याच्या विड्या आम्ही वळायचो.
संध्याकाळी प्रत्येकाच्या सुपातून वीस-पंचवीस
त्याच्या नावाच्या टोपलीत.
कुणी मोजत नसे.
म्हणजे पोक्कन मोजायचा;
गोष्टीत कुणी मेलेलं त्याला चालायचं नाही,
त्या दिवशी तो दोन कमी टाकायचा.

मी सतरा वर्षांची. नाव तेवढं लिहिता यायचं,
तेही कल्याणीतल्या जोडाक्षराशी अडखळत.
पण बसल्या जागी मी बर्फातून चालत गेले,
तीन राजे बुडताना पाहिले,
आणि कुठल्याशा सुनेला सासरच्यांनी कोंडलं
त्या दुपारी माझी दोन बंडलं इतकी सैल झाली
की तपासनिसाने तोंडावर फेकली.

जेवणाच्या सुट्टीत अंबू शिकवायचा.
अडले तर शब्द सांगायचा नाही,
नुसता खोकायचा.
मग एकदा त्याचा घसा बसला
आणि त्याने वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं.
पहिली बातमी संपेतो चहाची वेळ झाली.
कुणी हसलं नाही.
संध्याकाळी माझ्या टोपलीत दोन विड्या जास्त होत्या.
पोक्कनने शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

हाच कायदा मी घरी आणला:
जो वाचेल त्याचं काम बाकीच्यांनी करायचं.
हाताला चीक लागू नये म्हणून पुष्पराजन
फणस फोडायच्या दिवशी हटकून वाचायला बसायचा.
लबाड! गरे संपत आले नाहीत असं दिसलं
की गोष्टीत एखादा नवा दरोडेखोर घुसवायचा,
जो पुस्तकात नव्हताच.
मला कळायचं. पण दरोडेखोर बरा असायचा.
वनजाचं उलट. ती मनात वाचायची,
चुलीपुढे, ओठ हलवत,
आणि आम्ही करपलेला भात मुकाट खायचो.

आता माझ्या नजरेच्या मधोमध डाग आहे.
कडेचं दिसतं, समोरचं नाही.
अंगणातली कोंबडी दिसते, अक्षर दिसत नाही.
पुष्पराजनची ऋतुनंदा शारजाहून आली आहे, दोन महिन्यांसाठी.
मल्याळम बोलते फडाफडा,
लिपी मात्र तिला जिलब्यांचं ताट वाटते.
'अच्छम्मा, ही जिलबी कुठली?'
मी खोकते.
ती चिडते, पाय आपटते, पुन्हा बोट ठेवते,
आणि शब्द फुटतो, कोवळ्या शहाळ्यासारखा,
थोडा माझ्याही अंगावर उडतो.

तिची ताटली मी घासते, तिच्या कपड्यांच्या घड्या मी घालते.
वनजा म्हणते, लाडावून ठेवलंस पोरीला.
लाड कसले? तिचा वाटा आहे तो.

काल रात्री तिने सबंध पान संपवलं.
मी खाली हात लावून पाहिला,
मुंडूची कड बोटांनी वळून वळून
विडीएवढी घट्ट करून ठेवली होती.
पुस्तक मिटता मिटता ती थांबली.
'अच्छम्मा, तू हे आधी ऐकलंयस ना?
तो होडीवाला पुढे मरतो का?
मरणार असेल तर मी उद्या वाचणार नाही.'

बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली.
मला ते पान पाठ आहे, अंबूच्या आवाजात.

मी खोकले.